फाइल म्हणजे कानस

गेल्या पावसाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, सोसायटीच्या जिन्यात घसरले आणि उजव्या पायाला सहा आठवड्यांचं प्लास्टर आलं. खाली कट्ट्यावर जाणं बंद, सकाळचा फेरा बंद, टीव्हीचा त्यांना बारा वाजेपर्यंतच कंटाळा येतो, मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यांनी माझ्या मागे खुर्ची टाकली. पाय स्टुलावर, हातात सुपारीची डबी आणि नजर माझ्या स्क्रीनवर. मी घरूनच डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या जाहिराती, डॉक्टरांची लेटरहेडं, आमच्या ठाण्यातल्या कासारवडवलीच्या फ्लॅटची बंद करून घेतलेली बाल्कनी हेच ऑफिस, आणि या ऑफिसात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुपरवायझर आला होता.

दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे मागे एवढं काय पसरलंय रे?"

"फाइली आहेत अण्णा. कामाच्या."

"मग अशा एकावर एक टाकतात होय? दात मरतात."

मला कळायला जरा वेळ लागला. अण्णांच्या डोक्यात फाइल म्हणजे कानस. फ्लॅट फाइल, हाफ राउंड फाइल, बास्टर्ड फाइल (लहानपणी हे नाव घरात मोठ्याने घ्यायला मिळायचं याची आम्हा भावंडांना फार मजा वाटायची). कानशी एकमेकींवर घासल्या की त्यांचे दात बोथट होतात, म्हणून प्रत्येक कानस वेगळी टांगायची किंवा वेगळ्या खाचेत ठेवायची, हे वर्कशॉपमधल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. अण्णांनी वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत एकतीस वर्षं काढली, आधी टूलरूममध्ये फिटर म्हणून आणि शेवटची दहा-बारा वर्षं टूलक्रिबच्या खिडकीत, म्हणजे जिथून कामगारांना हत्यारं दिली-घेतली जातात तिथे. त्यामुळे माझ्या डेस्कटॉपकडे बघून त्यांना नेमकं काय झालं असेल याची कल्पना मला नंतर आली.

आता डेस्कटॉपचं सांगतो. त्या दिवशी मोजले, एकशे त्रेचाळीस आयकॉन. डावीकडून भरत भरत उजव्या टोकाला टेकलेले, आणि तिथे जागा संपल्यावर विंडोज पुढचे आयकॉन कुठे ठेवतं तर ते एकाखाली एक दडपतं, म्हणजे अण्णांचं 'एकावर एक' शब्दशः खरं होतं. 'अहवाल नवा', 'अहवाल नवा दुरुस्त', 'सेक्रेटरींनी सांगितलेला', 'सेक्रेटरींनी परत सांगितलेला'. वॉलपेपर म्हणून मुलीचा फोटो आहे, त्यातला तिचा फक्त एक कान आणि रिबीन दिसते.

मला नीट ठेवायचं कळत नाही असं नाही बरं का. उलट एके काळी मी आमच्या प्रेसमधला डेस्कटॉप-सजावटीचा एक्सपर्ट होतो. २००८ च्या आसपास मी नौपाड्यात एका छोट्या प्रेसमध्ये कामाला होतो, मशीनवर विंडोज एक्सपी, आणि तेव्हा कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीडी यायच्या त्यातल्या एका सीडीत रॉकेटडॉक मिळालं. फुकट, इवलंसं सॉफ्टवेअर. लावलं की स्क्रीनच्या वरच्या कडेला एक पट्टी, म्हणजे डॉक, यायची, तिच्यात आयकॉन ओढून टाकायचे, आणि माउस नेला की आयकॉन लाटेसारखे फुगायचे. खरं सांगायचं तर त्या फुगण्यासाठीच आम्ही ते लावलं होतं. मॅक घ्यायची कोणाची ऐपत नव्हती, मॅक ओएस एक्स २००१ मध्ये आली तेव्हापासून तिच्या तळाशी असलेली ती काचेरी पट्टी फक्त फोटोत बघितलेली, आणि आता तीच चीज आपल्या कळकट सीआरटी मॉनिटरवर! कस्टमर आला की मी उगाचच माउस पट्टीवरून फिरवायचो.

आणि मग हौस वाढत गेली. शॉर्टकटच्या आयकॉनवर डाव्या कोपऱ्यात तो छोटा बाण असतो ना, तो मला खटकायला लागला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत, जाऊन तो काढून टाकायची युक्ती सगळीकडे सांगितलेली असायची, मी काढला. सगळे आयकॉन स्वच्छ, सुंदर. पंधरा दिवसांनी डेस्कटॉप साफ करायला बसलो, विचार हा की सगळं डॉकमध्ये आहे तर आता इथले शॉर्टकट उडवू. शॉर्टकट म्हणजे एक-दोन केबीची चिठ्ठी, मूळ वस्तू कुठे आहे एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं, चिठ्ठी फाडली तर वस्तूला काही होत नाही. पण चिठ्ठी कुठली आणि वस्तू कुठली हे सांगणारा बाण तर मीच काढला होता! सगळं सिलेक्ट केलं, शिफ्ट-डिलीट मारलं म्हणजे रिसायकल बिनलाही वळसा, आणि त्यात एक लग्नपत्रिका गेली. शॉर्टकट नाही, खरी. दुसऱ्या दिवशी छपाईला जायची होती.

रात्रभर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून बसलो, फाइल मिळाली पण उघडेना. शेवटी मुलीच्या वडिलांनी लाल पेनाने तपासलेला प्रुफाचा कागद ड्रॉवरमध्ये सापडला, त्यावरून पहाटेपर्यंत पुन्हा सगळी बसवली, कुलदेवतेपासून 'आपले नम्र'खालच्या चौतीस नावांपर्यंत, आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चार चिल्ल्यापिल्ल्यांसकट. मालकांना मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. त्यानंतर डॉकवरून माझं मन उडालं ते उडालंच. पुढे विंडोज ७ आलं, २००९ च्या ऑक्टोबरात, त्यात खालच्या टास्कबारवरच आयकॉन कायमचे चिकटवून ठेवायची सोय झाली, म्हणजे डॉकचं निम्मं काम घरातच झालं, आणि तो विषय मागे पडला. डेस्कटॉप मात्र भरत राहिला.

तर अण्णा म्हणाले, "आमच्याकडे असं चाललं नसतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुकड्या-तुकड्यात लहानपणापासून ऐकलं होतं पण नीट लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकलं. टूलक्रिबमध्ये भिंतीवर प्लायचा मोठा बोर्ड. त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली, पान्याच्या जागी पान्याचा आकार, हॅक्सॉच्या जागी हॅक्सॉचा. हत्यार उचललं की मागे त्याची सावली उरते. आणि प्रत्येक कामगाराला पाच पितळी टोकनं, त्यावर त्याचा तिकीट नंबर ठोकलेला. खिडकीशी यायचं, टोकन द्यायचं, हत्यार घ्यायचं. टोकन त्या हत्याराच्या खुंटीला लटकतं. हत्यार परत दिलं की टोकन परत. संध्याकाळी भोंग्याच्या दहा मिनिटं आधी अण्णा बोर्डाकडे फक्त एकदा नजर टाकायचे. सावली रिकामी आणि टोकन आहे, तर त्या नंबरच्या माणसाला हाक. सावली रिकामी आणि टोकन नाही, तर मात्र सगळी शेड शोधायला लागायची आणि कोणाचीही लोकल गेली तरी चालेल.

"जागा कशासाठी ठरवायची?" अण्णा म्हणाले. "वस्तू सापडावी म्हणून नाही. वस्तू नसली तर कळावं म्हणून."

हे वाक्य मला फार आवडलं, पण कॉम्प्युटरवर ते लागू कसं करणार? त्याच दुपारी मी पुन्हा एक डॉक उतरवला. रॉकेटडॉकची शेवटची आवृत्ती २००८ चीच आहे, म्हणून या वेळी नेक्सस नावाचा घेतला. कारण तसं आणखीही होतं, विंडोज ११ आलं तेव्हा टास्कबार बाजूच्या कडेला न्यायची सोयच काढून टाकलेली होती, आणि माझ्यासारख्या उभ्या पानांचं काम करणाऱ्याला खालची पट्टी म्हणजे पानाच्या पायावर कुऱ्हाड. डॉक डाव्या कडेला लावला, कोरल टाकलं, फोटोशॉप टाकलं, मराठी टायपिंगची श्रीलिपी टाकली. अण्णा बघत होते.

"हत्यार बाहेर काढलंस तरी चित्र तिथंच आहे की."

"हो, ते चित्र हलत नाही. खाली ठिपका येतो बघा, चालू असलं की."

"म्हणजे टोकन."

"हां, टोकन."

"कोणाचं?"

"माझंच. दुसरं कोण आहे इथे?"

"एकच माणूस असेल तर टोकन कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या टोकनाच्या गोष्टीवरून मला डॉकचा जुना पूर्वज आठवला. मॅकच्याही आधी, स्टीव्ह जॉब्ज ॲपलमधून बाहेर पडल्यावर त्याने नेक्स्ट नावाची कंपनी काढली, १९८८ मध्ये तिचा काळा चौकोनी कॉम्प्युटर आला, त्याच्या नेक्स्टस्टेप सिस्टिममध्ये उजव्या कडेला उभा डॉक होता, चौकोनी फरशांसारखे आयकॉन एकाखाली एक. आणि त्यात खूण उलटी होती. जो प्रोग्राम बंद आहे त्याच्या आयकॉनच्या कोपऱ्यात तीन टिंबं, आणि चालू केला की टिंबं गायब. पुढे मॅकमध्ये नेमकं उलट झालं, चालू असलेल्याखाली आधी काळा त्रिकोण, मग २००७ पासून चमकता ठिपका. मला विचाराल तर अण्णांच्या बोर्डाच्या जवळचं नेक्स्टचंच. टिंबं आहेत म्हणजे हत्यार भिंतीवर आहे, टिंबं गेली म्हणजे कोणीतरी उचललंय. 'नाही' दिसणं महत्त्वाचं.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "केलं असेल कोणीतरी वर्कशॉपमधल्या माणसानं," म्हणाले. तसं काही नाहीये, पण मी वाद घातला नाही.

वाद घातला तो टेबलावरून. मी म्हटलं, अण्णा, याला डेस्कटॉप म्हणतात, म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग, टेबलावर थोडा पसारा असणारच. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीनं स्टार नावाचा कॉम्प्युटर विकायला काढला, ऑफिसातल्या लोकांसाठी, त्यात स्क्रीनवर कागद, फोल्डर, टपालाचे ट्रे अशी चित्रं होती, कारण ज्यांनी वापरायचा त्यांना तेच ओळखीचं. अण्णा म्हणाले, "टेबल साहेबाला असतं. आपल्याला बेंच." आणि सुपारी कातरायला लागले. आता हे काही त्यांनी तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नव्हतं, त्यांना खरंच कधी टेबल नव्हतं. पण मी विचार करत राहिलो, की मी दिवसभर जे करतो ते साहेबाचं काम आहे का बेंचवरचं? कापणे, जोडणे, अर्धा मिलिमीटर सरकवणे, पुन्हा मोजणे. सही कुठेच नाही. आणि हे सगळं मी साहेबाच्या टेबलाच्या चित्रावर बसून करतोय आणि वर तो पसारा बघून स्वतःलाच शिव्या घालतोय.

बेंचच्या बाबतीत अण्णांचा एक नियम होता, कोपर अंगाला लागून राहिलं पाहिजे. ज्या हत्यारासाठी कोपर अंगापासून सुटतं ते लांब आहे, ते जवळ आणा. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये हेच मोजून मांडलं, की एखाद्या ठिकाणी हात न्यायला किती वेळ लागतो ते त्या ठिकाणाच्या अंतरावर आणि आकारावर ठरतं, लांब आणि लहान म्हणजे जास्त वेळ. कॉम्प्युटरवाले या नियमाची शपथ घेतात. आणि त्यातूनच कडेची गंमत निघते. स्क्रीनच्या कडेला माउस आपटतो, पुढे जाऊच शकत नाही, म्हणजे कडेला चिकटलेला आयकॉन कितीही बारीक असला तरी त्या दिशेला तो अमर्याद मोठा असल्यासारखाच. डोळे मिटून माउस डावीकडे फेकला तरी पट्टीवरच जाणार. पण रॉकेटडॉकमध्ये पट्टी कडेपासून थोडी सोडून तरंगती ठेवायची एक सेटिंग होती, दिसायला झकास, आणि २००८ मध्ये मी ती मोठ्या प्रेमाने लावली होती! फायदा होता तेवढाही घालवला. शिवाय ते आयकॉन फुगणं, त्याने नेम धरायला मदत होते असं वाटतं, पण शेजारचेही फुगतात आणि सरकतात, म्हणजे हात पोचेपर्यंत वस्तू हललेली. टूलबोर्डवर पाना हात जवळ नेल्यावर बाजूला सरकायला लागला तर? फुगवणं बंद केलं.

पसाऱ्याचं काय करायचं ते मात्र अण्णांनी सांगितलं आणि मी मुकाट्याने केलं. त्यांच्या कंपनीत नंतर नंतर जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत 'फाइव्ह एस' आली होती, त्यातली पहिली पायरी लाल चिठ्ठी. ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिला लाल चिठ्ठी बांधून एका कोपऱ्यात ठेवायची, फेकायची नाही. ठरलेल्या दिवसांत कोणी मागायला आलं तर परत, नाही तर भंगार. मी डेस्कटॉपवरचं सगळं, एकशे त्रेचाळीस म्हणजे एकशे त्रेचाळीस, 'लाल चिठ्ठी' नावाच्या एका फोल्डरमध्ये टाकलं, डॉकही रिकामा केला. ठरलं असं की जे लागेल तेच तिथून बाहेर काढायचं. प्रोग्राम असेल तर डॉकमध्ये, फाइल असेल तर तिच्या कामाच्या फोल्डरात.

(डेस्कटॉपवर राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'ची खूण काढली की एका क्षणात सगळं दिसेनासं होतं हे मला माहीत आहे. पाहुणे आल्यावर पसारा पलंगाखाली सरकवण्यातला तो प्रकार. तीन वर्षं केलाय.)

प्लास्टर निघेपर्यंत डॉकमध्ये अकरा गोष्टी जमल्या, आणि त्या बघून मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. कोरल आलं, श्रीलिपी आली, ठीक. पण त्याच्याही आधी, अगदी पहिल्या तासात, कॅल्क्युलेटर आला. मग व्हॉट्सॲप. मग एक्सेल, कारण बिलं. पीडीएफ वाचायचं. स्कॅनर. फोटोशॉप यायला नऊ दिवस लागले आणि तेही एका आजोबांच्या फोटोमागचं पडदा-कपाट काढायला. चित्रं काढायचा इलस्ट्रेटर आलाच नाही. मी ओळख करून देताना ग्राफिक डिझायनर म्हणतो, आणि कडेची पट्टी म्हणत होती की हा माणूस हिशेब करतो, निरोपांना उत्तरं देतो आणि मधल्या वेळात टाइपसेटिंग करतो. अण्णांना म्हटलं, इलस्ट्रेटर तरी ठेवतो, न लागला तरी. मला वाटलं नाही म्हणतील. पण त्यांच्या बोर्डवरही एक भलामोठा रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) होता म्हणे, अण्णांच्या अख्ख्या काळात कोणी टोकन देऊन नेला नाही, तरी दर शनिवारी त्याला तेल लावायचे. का? "चांगला होता."

ठेवला इलस्ट्रेटर. बारावा.

आणि टोकनाचंही उत्तर अण्णांनीच दिलं, दोनेक आठवड्यांनी, अचानक, जेवताना. रात्री माझं मशीन नेहमी रखडतं, कोरल हँग होतं, मी चिडचिड करतो, हे त्यांनी बघितलं होतं. त्या रात्री डॉकवर नऊ ठिपके होते. म्हणाले, "एकच माणूस असला तरी टोकनं पाचच असतात. सहावं पाहिजे तर एक आणून द्यायचं." एवढंच. मी दुसऱ्या दिवसापासून ते पाळतोय, पाच ठिपके, सहावं उघडायचं तर एक बंद. साधी गोष्ट आहे, मशीनची मेमरी मोकळी राहते वगैरे, पण कामही वेगळं झालं, कारण बंद करताना विचारावं लागतं की याचं काम झालं का, आणि निम्म्या वेळा झालेलं असतं.

मध्ये एकदा, प्लास्टर निघाल्यावर, पासपोर्टच्या कामासाठी वागळे इस्टेटला जायचं होतं, पासपोर्ट सेवा केंद्र तिथेच आहे, रोड नंबर बावीसवर. अण्णांना म्हटलं येता का, तर शर्ट बदलून तयार. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, महामंडळच १९६२ चं. आता रस्ते तेच, नंबर तेच, पण दोन्ही बाजूंना काचेच्या आयटी इमारती, खाली गळ्यात पट्टे घातलेली पोरं चहा पितायत. अण्णा रिक्षातून सांगत होते, ही अमुक कंपनी, ही तमुक, इथे आमचं कॅन्टीन, हा गेट, आणि बोट जिथे जात होतं तिथे त्यातलं काहीच नव्हतं. एका पार्किंगपाशी रिक्षा थांबवायला लावली. उतरले नाहीत. बसल्या बसल्या दोन-तीन मिनिटं बघितलं, मग रिक्षावाल्याला म्हणाले, "चल."

त्या रात्री मी एक उद्योग केला. डॉकमध्ये आपले स्वतःचे पीएनजी आयकॉन लावता येतात, तर कोरलमध्ये बसून बारा आयकॉन काढले, सगळे टूलबोर्डावरच्या सावल्यांसारखे, गडद हिरव्यावर पांढरी बाह्यरेषा, आत रिकामं. कोरलसाठी स्क्रायबर, कारण त्यानं रेघ मारतात. कॅल्क्युलेटरसाठी व्हर्निअर, कारण त्यानं मापं घेतात. फोटोशॉपसाठी कानस, हाफ राउंड. स्कॅनरला मॅग्निफायर, व्हॉट्सॲपला भोंगा (तोच न्याय त्याला). क्रॉप करायला मी एक जुनं छोटं सॉफ्टवेअर वापरतो, त्याला हॅक्सॉ. इलस्ट्रेटरला तो रीमर, मी कधीच न बघितलेला, नेटवर फोटो शोधून काढलेला. दोन वाजले.

सकाळी अण्णांना चष्मा लावायला सांगून समोर बसवलं. सगळे बघितले, वरून खाली, सावकाश, बोट स्क्रीनला टेकवत. मुलगी बाजूला उभी, बायको चहा घेऊन आलेली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"हॅक्सॉचं पातं उलटं लावलंयस," म्हणाले. "दात पुढे पाहिजेत. पुढे ढकलताना कापतं ते."

मी झूम केलं. खरंच उलटं होतं.

"आणि रीमर एवढा बारीक नव्हता. सरक."

मी सरकलो. त्यांना माउस धरता येत नाही, म्हणून माझ्या हातावर हात ठेवून ते सांगत होते आणि मी ओढत होतो, अजून, अजून थोडा, हं, आता टेपर दे.